कमळूची पाठवणी

कमळूला दारू सोडायची होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सोडावी लागली असती.

गावाला मात्र ती सुटावी असं उघडपणे वाटत होतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या गावात पिणारे पुष्कळ होते, पण कमळूची नशा सार्वजनिक होती. प्यायला की तो शिव्या देत नसे, मारामारी करत नसे. तो पाया पडे. माणूस, विजेचा खांब, ग्रामपंचायतीची घंटागाडी, जे समोर येईल त्याच्या पाया पडून माफी मागे. गेल्या लावणीला त्याचा हात इतका थरथरायला लागला की रोप चिखलात उभं राहीना. बायको बाईजाने त्याला बांधावर बसवलं आणि म्हणाली, "बस आता हितंच. बेडकांच्या पाया पड."

त्या दिवशी कमळूला पहिल्यांदा आपली लाज वाटली. ती विसरायला तो प्यायला. असं ते चक्र होतं.

मग घरात उपचार सुरू झाले. आधी पोस्टाने एक पावडर आली. माणसाला न सांगता चहातून द्यायची होती. कमळू चहा पीत नसे. बाईजाला हे माहीत होतं, पण पावडरीचे पैसे भरून झाले होते, त्यामुळे चहा रोज होत राहिला आणि तो शेजारचा वाल्मिक पीत राहिला. वाल्मिकने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याला चार दिवस जुलाब झाले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "वैनी, पावडर भारी हाय. मला दारूचा विचारसुद्धा येत नाय."

मग सरकारी दवाखाना झाला. तिथल्या डॉक्टरने नीट तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की याला महिना-दोन महिने ठेवून घेणारी जागा बघा, आमच्याकडे खाट रिकामी नाही. ती जागा शोधायचं काम कमळूच्या मुलाकडे, जीवनकडे आलं. जीवन आसनगावजवळच्या एका गोदामात कामाला होता. त्याने फोनवर शोधाशोध केली. एका केंद्रात पोहण्याचा तलाव होता. दुसऱ्या केंद्राने फी सांगितली, तेव्हा जीवनला वाटलं की ते फोन नंबर सांगतायत. तो शेवटपर्यंत लिहून घेत राहिला. तिसऱ्याने सांगितलं, "तुम्ही काही करू नका. आमची गाडी येईल, चार पोरं येतील, उचलून नेतील."

"भाऊ, बाप आहे माझा," जीवन म्हणाला. "फ्रिज नाय."

शेवटी जागा त्याच्या रोजच्या वाटेवरच सापडली. आसनगावात एका बंगल्यावर 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी होती आणि जीवन तिच्याखाली उभा राहून रोज वडापाव खात होता. आत हेतल नावाच्या समुपदेशक मॅडम होत्या. त्यांनी नोंदणीचा कागद दाखवला, खाटा दाखवल्या, डॉक्टर कोणत्या वारी येतात ते सांगितलं, स्वयंपाकघरात नेऊन आमटी चाखायला दिली. इथे कुणाला मारत नाहीत, बांधत नाहीत, घरच्यांना भेटू देतात, असं सांगितलं. तीन महिने राहायचं. फी वाजवी होती. फक्त ती जीवनकडे नव्हती.

संध्याकाळी ओटीवर सगळे बसले. जीवनची बायको सोनाली म्हणाली, माझं मंगळसूत्र मोडा. बाईजाने तिला गप्प केलं.

"माझं पैसं गावात हायेत," बाईजा म्हणाली.

"कुणाकडं गो?" कमळूने विचारलं.

"समद्यांकडं. लगीन होऊन आल्यापासनं गावात जेवढी लग्नं झाली, तेवढ्यांचा आहेर केलाय मी. एक लगीन सोडलं नाय. आणि माझ्या घरात कार्य झालं का एकतरी? हा," तिने जीवनकडे बोट केलं, "कल्याणला जाऊन सही करून आला. आहेर नाय, मांडव नाय. माझा समदा आहेर गावात अडकलाय."

जीवनने सोनालीकडे बघितलं. सोनालीने तांदूळ निवडायला घेतले. घरात तांदूळ निवडलेलेच होते.

"पन कार्य असल्याबिगर आहेर परत येत नाय," कमळू म्हणाला. रीत त्यालाही माहीत होती.

"मंग करू कार्य. तुझी पाठवणी करू."

कमळूला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण बाईजा चेष्टा करत नसे. तेवढा वेळ तिला कधी मिळालाच नव्हता.

आठवड्यात पत्रिका आली. मुरबाडच्या छापखानेवाल्याकडे लग्नाचाच साचा होता. त्याने गणपती ठेवला, दोन पोपट ठेवले, वधूच्या जागी 'व्यसनमुक्ती केंद्र, आसनगाव' घातलं. खाली 'आमच्या आजोबांना सोडायला यायचं हं! – कु. काजल' अशी ओळ आली. जीवनची काजल चार वर्षांची होती आणि पत्रिका घेऊन ती गावभर खरोखरच तसं सांगत फिरली. आता पळून जायची सोय उरली नव्हती. मागे कमळूला सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा नेताना तो मुरबाडच्या एसटी स्टँडवर 'जाऊन येतो' म्हणून उतरला होता आणि जीवनच्या आधी घरी पोचला होता. त्या वेळी फक्त मुलगा सोबत होता. या वेळी वऱ्हाड असणार होतं.

एक अडचण होती. हेतल मॅडमनी फोनवर बजावलं होतं की याची दारू घरी अचानक तोडू नका, फिट येऊ शकते. आमच्या डॉक्टरांच्या हातात येईपर्यंत थोडी थोडी चालू ठेवा. आणि बाईजाने तर कार्य कोरडं ठेवायचं जाहीर केलं होतं. त्यामुळे कार्याच्या दिवशी अख्ख्या मांडवात प्यायची परवानगी एकट्या उत्सवमूर्तीला होती.

बाईजाने स्टीलच्या पेल्यात मापाने ओतून आणलं आणि मांडवाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत, त्याच्या हातात दिलं. डॉक्टरचं औषध द्यावं तसं. कमळूचा जुना जोडीदार शाम समोरच्या खुर्चीत बसला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"चव कशी हाय?" शामने विचारलं.

"औषधावानी," कमळू म्हणाला. खरंच तशी लागत होती. तीस वर्षं ती झाडामागे, गोठ्यामागे, वाल्मिकच्या संडासामागे गोड लागली होती. आज बायको पेला धरून उभी होती, काजल टाचा उंचावून पेल्यात किती राहिली ते बघत होती, आणि घोट काही केल्या खाली जात नव्हता.

माइकवर वाल्मिक होता. "बाळू मास्तर यांच्याकडून पाचशे एक! कोंडाबाई यांच्याकडून टॉवेल-टोपी! कोंडाबाई, रोख सांगितलं होतं, पन आता आणलीय तर द्या." लोक येत होते, पाकीट देत होते, कमळूच्या हातात हात देत होते. काही जणांनी सवयीने 'नांदा सौख्यभरे' म्हटलं. भिंतीवरची दोन घड्याळं आली. शामने आपलं पाकीट दिलं, ते जाड होतं. कमळूने त्याच्याकडे बघितलं तर तो मांडवाचं छत बघत होता.

जेवणं अर्ध्यावर असताना शहापूरहून कमळूची बहीण देवकी आली. तिला कुणीतरी पत्रिकेचा फोटो पाठवला होता. फोटो अर्धाच निघाला होता. गणपती, पोपट आणि कमळू एवढंच त्यात आलं होतं. ती मांडवात शिरली आणि भावाच्या पाठीत जोरात धपाटा घातला.

"मेल्या, ह्या वयात? आणि बाईजाला काय झालं, ती गेली कधी?"

"हितंच हाय मी, भात वाढतेय," बाईजा मागून म्हणाली.

देवकीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हातातल्या पिशवीकडे बघितलं. "मंग ही साडी मी कुणाला देऊ?"

"मला दे की," बाईजा म्हणाली, आणि घेतली.

खरा प्रकार कळल्यावर देवकी खूप रडली, मग खूप हसली, आणि म्हणाली, भाऊ जातोच आहे तर हळद लावूनच जाऊ दे. बायकांना तेवढंच हवं होतं. मांडव होता, पाट होता, हळद कुणीतरी आधीच वाटून ठेवली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कमळू पिवळा झाला. कान पिवळे, मान पिवळी, टक्कल पिवळं. गावातल्या बुधूच्या जीपला पोरांनी केळीचे खुंट बांधले. वाल्मिक माइकसकट पुढे बसला, कारण माइक सोडायला तो तयार नव्हता. मागे टेम्पोत वऱ्हाड. सरळगाव, किन्हवली करत वरात आसनगावला पोचली. वाटेत दोन गाड्यांनी बाजूला होऊन नवरदेवाला रस्ता दिला. कमळूने दोन्ही वेळा हात जोडले.

बंगल्याच्या फाटकावरच्या रखवालदाराने जीप बघितली, केळी बघितली, कमळू बघितला.

"मंगल कार्यालय मागच्या गल्लीत," तो म्हणाला.

"नाय हो, हितंच," जीवन खाली उतरून म्हणाला.

"इथे लग्नं होत नाहीत. हे दारुड्यांचं केंद्र आहे."

"आमी तेच आणलंय!" वाल्मिक माइकवरून म्हणाला. सगळ्या गल्लीने खिडक्या उघडल्या.

रखवालदार ऐकेना. त्याच्या मते हळदीच्या नवरदेवाला त्याचे मित्र चेष्टेने इथे घेऊन आले होते. अशी चेष्टा आजकाल करतात, त्याचं रील काढतात. त्याने फाटकाला आतून कडी घातली.

कमळू जीपमध्ये बसला होता. डावीकडचं दार उघडं होतं आणि त्या बाजूला कुणी नव्हतं. पलीकडे गल्ली मोकळी होती आणि गल्लीच्या टोकाला, अशा गल्ल्यांच्या टोकाला असतं ते दुकान होतं. उपचार घेणारा स्वतः तयार होता, केंद्रानेच घेतलं नाही, असं आयुष्यभर सांगता आलं असतं. इतकं चांगलं निमित्त त्याला याआधी कधीच मिळालं नव्हतं.

तो डावीकडून उतरला. जीपला वळसा घालून फाटकापाशी आला आणि गज धरले. गज हलायला लागले.

"बघ," तो रखवालदाराला म्हणाला. "हे मी हलवत नाय. आपोआप हलतंय."

रखवालदार गजांकडे बघत राहिला. आवाज ऐकून हेतल मॅडम पायऱ्या उतरून आल्या. एकदम सगळे बोलायला लागले. जीवन, देवकी, वाल्मिक माइकवरून. मॅडमनी हात वर केला.

"सगळ्यांनी थांबा. मला यांच्याकडूनच ऐकायचंय. काका, तुम्हाला इथे कुणी आणलं?"

"गावाने."

"आणि तुम्हाला यायचंय का? नसेल तर मी घेणार नाही, फी दिली तरी."

कमळूने खाली मान घातली. सवयीने पाया पडायला वाकणार होता, पण मध्ये फाटक होतं, त्यामुळे उभंच राहावं लागलं.

"यायचंय," तो म्हणाला. "कधीपासनं यायचंय, मॅडम. मी दारुडा हाय. मला आत घ्या."

मागे बाईजा नवी साडी नेसून उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला नाही. तिने फक्त हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कडी निघाली.

कचेरीत सही झाली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि बोटाला लागलेली हळद बराच वेळ बघितली. आहेराची पाकिटं टेबलावर ओतली, प्रत्येकावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. मॅडम आणि जीवन ती फोडत बसले. दोन महिने सहज भागत होते. तिसरा जीवनच्या पगारातून होणार होता. घड्याळांपैकी एक मॅडमनी भिंतीवर लावायला मागून घेतलं.

"बाहेर ते लोक अजून बसलेत," मॅडम म्हणाल्या. "ते कधी जाणार?"

"कायतरी घेतल्याबिगर नाय जाणार," कमळू म्हणाला. "त्यांना वाटतंय, तुमी पोरीकडचं."

स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं. चहा झाला. मॅडम म्हणाल्या, तुमचीच माणसं आहेत काका, जमेल तेवढं तुम्हीच वाढा. केंद्रातले दोघे किटली घेऊन सोबत आले आणि पिवळा कमळू पेल्यांचा ट्रे घेऊन फाटकापाशी गेला. पेले ट्रेमध्ये किणकिणत होते. गल्लीभर ऐकू जात होतं. एरवी या आवाजावर गाव हसलं असतं. आज देवकीने एवढंच म्हटलं, "दमानं रे, घाई नाय कुणाला."

वाल्मिकने चहा नको म्हटलं. मग घेतला.

शाम सगळ्यांच्या शेवटी आला. गजातून पेला घेतला, एक घोट प्याला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आत कसं हाय रे?"

"अजून बघितलं नाय. आमटी बरी हाय म्हनत होता जीवन."

"खाट रिकामी हाय का एखादी?"

कमळूने त्याच्याकडे बघितलं. शाम चहाकडे बघत होता.

"आधी मला झोपूदे त्या खाटेवर," कमळू म्हणाला. "मंग सांगतो."

"सांग हा नक्की."

"सांगतो ना. पेला दे."

त्याने रिकामे पेले गोळा केले. आतून कुणीतरी हाक मारली, "ओ नवरदेव, उन्हात काय उभे, या आत." कमळू ट्रे छातीशी धरून, हळूहळू, एकही पेला न पाडता पायऱ्या चढायला लागला.