तळाची ओळ

मी एक जुनी, पायानं चालवायची छपाईची मशीन आहे, आणि मी एका माणसाची तीन बोटं चिरडली आहेत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं कौतुक वाटलं तरी बेतानं वाटेल.

परदेशातल्या भट्टीत ओतली गेले तेव्हा वाटलं होतं, आपण ग्रंथ छापणार. रेल्वेनं गोंदियाला उतरले ती गुलाबचंद शेठच्या छापखान्यात, आणि तीस वर्षं बिडीच्या बंडलांवरची लेबलं छापली. लाल मोर, लाल वाघ, पुन्हा लाल मोर. मोरांचा मला अगदी वीट आला होता.

चैतराम माझे खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर वेचून ओळ लावायचा. छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं नाव हवं, असा कायदा होता. शेठ मोठे हुशार. त्यांनी स्वतःचं नाव न देता चैतरामचं दिलं. 'मुद्रक चैतराम, गोंदिया' ही ओळ कायम जुळवून ठेवलेली असे. जुळवलेल्या ओळी चौकटीत कसताना त्याचा हात ती आपोआप तळाशी बसवी.

लेबलं न्यायला शामकला यायची. ती कारखान्यात बिड्या वळायची, कडेवर तान्ही पोर असायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण खोळंबली की स्वतःच्या कविता म्हणायची. 'सडक रुंद झाली बाई, पाय ठेवाले जागा नाई.' चैतराम ऐकता ऐकता थेट खिळे जुळवी. या कवितांचं पुस्तक करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. कविता कोण विकत घेतो, म्हणून शेठ कुरकुरायचे. मी मात्र हरखले होते.

बेचाळीसच्या ऑगस्टात बाजारात मिरवणुकीवर लाठ्या पडल्या. शामकलाच्या डोळ्यांदेखत एका म्हातारीचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी तिनं नवी कविता म्हटली. सरकारनं रस्त्यावरचं रक्त धुतलं, पण चपला तिथंच राहिल्या, त्या आता कोणाच्या पायात घालू, असं ती विचारत होती. चैतरामनं दोनशे प्रती काढल्या आणि शामकलानं त्या लेबलांच्या गठ्ठ्यात दडवून नेल्या. घाईत एकच चूक झाली. तळाची ओळ काढायची राहिली. सरकारविरुद्धच्या कागदावर त्यानं स्वतःचंच नाव छापलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. शामकला तेव्हा तिथंच उभी होती. त्यांनी खिळ्यांचे खण उलटे केले. पुस्तकाची जुळवलेली पानं बुटांखाली विस्कटली. फौजदारानं ती ओळ दाखवून विचारलं, "छापा तूने. लिखा किसने?"

"मीच लिवलो," चैतराम म्हणाला. दंडुका तोंडावर बसला आणि त्याचे दोन दात खिळ्यांत पडले. शामकला पुढे सरली, तिनं बोलायला तोंड उघडलं. चैतरामनं तिला बोलूच दिलं नाही.

"बाई, लेबलं भेटली ना? जाय आता. कारखान्यात वाट पाहून रायले."

बिड्या वळणारी बाई कविता करते, हे फौजदाराच्या स्वप्नातही आलं नसतं. पोरीला छातीशी घट्ट धरून ती गेली. मग त्यांनी चैतरामचा उजवा हात माझ्या जबड्यात घातला आणि एका शिपायानं मला चालवायच्या पायट्यावर पाय दिला. मित्रांनो, पाय पडला की मला मिटावंच लागतं. मी तीनदा मिटले. हाडं मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो ओरडला, पण तिचं नाव त्यानं घेतलं नाही.

तो तुरुंगात गेला आणि मला सील लागलं. मी गंजत पडले. सत्तेचाळीसमध्ये दोघं पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. शामकलानं सगळ्या कविता पहिल्यापासून म्हटल्या, एक शब्द न चुकता. चैतरामनं डाव्या हातानं खिळे जुळवले. शेवटच्या पानाशी तो जमिनीवर बसून, तेव्हा सांडलेल्या खिळ्यांत 'मुद्रक'मधला 'मु' शोधू लागला.

"आता बी नाव टाकता, भाऊ?" तिनं विचारलं.

"टाकतो ना. काम माह्यं हाये."

तुम्ही पुस्तकं जपता, कव्हरं घालता, छान करता. पण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक नाव असतं. ते वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका. मिटणं काय असतं, ते मला विचारा.