सांगा हो त्यांना

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीला प्रेमाचा पुळका आला. रविवारी सकाळी दहाला तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्यानं 'मनातलं बोला' असा कार्यक्रम ठेवला. ज्याचं ज्याच्यावर प्रेम असेल त्यानं माइकवर येऊन सांगायचं, मागे बँड वाजणार, आणि दोन मिनिटं झाली की घंटी. म्हणजे प्रेमाला पण यांची शिस्त!

मी आधी नाक मुरडलं आणि मग गपचूप नाव देऊन आले. कारण थोरल्या जाऊबाई कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी लेकीकडे जाणार होत्या, कायमच्या. आणि आम्ही दोघी अकरा वर्षं बोललो नव्हतो. स्वयंपाक एकाच ओट्यावर, पण बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. "त्यांना सांगा, गॅस बारीक करा." तिसरं कुणी नसलं तर भिंतीला सांगायचं. सुरुवात माझीच. पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, यांच्या हाताला चवच नाही. थोरले दीर गेले तेव्हासुद्धा मी भिंतीलाच म्हणाले, "त्यांना म्हणावं, दोन घास खा." त्याची लाज अजून जात नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या मजल्यावरचे वकील बायकोवरच्या प्रेमाचे मुद्दे बोटांवर मोजून सांगत होते आणि बायको जांभया देत होती. मग एक नवं जोडपं गळ्यात गळा घालून रडलं. लग्नाला चार महिने झालेत, रडायची कारणं अजून यायचीत! दर माणसामागे बँडमधला गायक असा गळा काढायचा की प्रेम नसलेलं परवडलं.

माझं नाव पुकारलं तसे आमचे हे केसांवरून हात फिरवत सरसावून बसले.

"तुम्ही बसा आरामात," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही."

हॉलभर हशा. मी माइकसमोर उभी राहिले. तिसऱ्या रांगेत जाऊबाई, पर्स मांडीवर, नजर पंख्याकडे. एरवी गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवताना माझी जीभ कात्रीच्या पुढे चालते, पण आता शब्द फुटेना. शेवटी मी वळून ड्रमवाल्याला म्हटलं, "सांगा हो त्यांना, माझं चुकलं."

ड्रमवाला बिचारा गांगरला. "कुणाला?"

"त्या, तिसऱ्या रांगेत. पर्सवाल्या."

त्यानं मान पुढे काढली. "काकू, या म्हणताहेत, यांचं चुकलं."

जाऊबाई उठल्या. "त्यांना विचारा, अकरा वर्षं काय झोपल्या होत्या?"

"काकू विचारताहेत, अकरा वर्षं..."

"ऐकलं मी!" मी खेकसले. "सांगा, जीभ होती पण धीर नव्हता. सांगा, त्यांच्या हाताला चव आहे. त्या दिवशी भाजी माझ्यापेक्षा फक्कड झाली होती, पाहुणे वाहवा करत होते, म्हणून जळले मी."

सेक्रेटरीनं घंटी वाजवली.

"ती घंटी घाला चुलीत!" जाऊबाई ओरडल्या आणि तरातरा पुढे आल्या. ड्रमवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही तुमचं बडवा. मी बोलते तिच्याशी."

माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळून मी त्यांच्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. केस पार पांढरे झाले होते.

"मला कुठे जायची हौस आहे गं?" त्या म्हणाल्या. "लेकीचं घर दोन खोल्यांचं. घरात मला थांब म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून निघाले."

"थांबा," मी पुटपुटले.

"माइकमध्ये बोल. एरवी भांडलीस की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं."

मी माइक तोंडाशी धरला आणि अशी ओरडले की स्पीकर किंचाळला. "थांबा हो, जाऊबाई!"

"बरं," त्या म्हणाल्या. "थांबते."

आणि अख्ख्या इमारतीसमोर मी भोकाड पसरलं.