जुलैतला ढ

दर जुलैत, सराव शिबिराच्या पहिल्या आठवड्यात, टोलेडो हॅमर्स हा अमेरिकन फुटबॉलचा अख्खा संघ कॉलेजच्या वाचनालयात बसून ढ होण्याचा मनापासून प्रयत्न करत असे. त्यातले काही जण वाचनालयात आयुष्यात पहिल्यांदाच येत. पण त्याचा याच्याशी संबंध नव्हता.

भानगड अशी होती. लीगच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची कॉम्प्युटरवर परीक्षा व्हायची. शब्द दाखवायचे, आकृत्या दाखवायच्या आणि थोड्या वेळाने विचारायचं, काय काय पाहिलंस? ते गुण जपून ठेवायचे. पुढे मोसमात कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. गुण जुलैपेक्षा खाली आले की खेळाडू बाहेर. बाहेर बसलेल्याच्या जागी दुसरा येतो, आणि तो दुसरा चांगला खेळला की पहिल्याने उरलेलं आयुष्य मोटारींच्या शोरूमचं उद्‌घाटन करत काढायचं. तेव्हा शहाणी माणसं जुलैतच आपले गुण खाली आणून ठेवत. तळमजल्यावर राहणारा माणूस पडून पडून किती पडणार?

मात्र फार खाली गेलं की यंत्राला संशय येई. ‘परीक्षार्थीने हेतुपुरस्सर चुका केल्या आहेत’ असा लाल शेरा मारून ते परीक्षा रद्द करी. म्हणजे चुकायचं ते बेताने, आणि बेताने चुकायला अक्कल लागते. या विद्येत क्लेटन रुसनाकचा हात धरणारा कुणी नव्हता.

क्लेटन संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यावर तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि ते ठरत असताना समोरून धावत येणारी दीड-दीडशे किलोंची माणसं अंगावर घ्यायची, असा त्याचा व्यवसाय. वय सदतीस. संघातली पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणत आणि तो फेकायला लागला की गप्प बसत.

गेल्या डिसेंबरात, बर्फात, एक गंमत झाली होती. कोच ब्रॅनिगननी हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगितली. ही चाल म्हणजे एक लांबलचक वाक्य असतं. क्वार्टरबॅकने ते जसंच्या तसं भोवतीच्या दहा जणांना ऐकवायचं. क्लेटनने निम्मं वाक्य ऐकवलं. उरलेलं निम्मं डोक्यात नव्हतंच. मग त्याने स्वतःच्या मनाने शेपूट जोडलं, प्रतिस्पर्धी गोंधळले आणि हॅमर्स जिंकले. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्याला ‘अनुभवी मेंदू’ म्हटलं. फक्त मोझेस टाफुना, त्याच्या पुढ्यात वाकून त्याला चेंडू देणारा आडदांड गडी, कपडे बदलताना म्हणाला, “आजोबा, ती चाल कुठल्या वहीत होती रे?”

“नव्या.”

“मला पण दे की ती वही.”

तिथेच तो विषय संपला. जिंकलेल्या सामन्यातल्या चुकांची चौकशी करण्याची पद्धत टोलेडोत नव्हती.

मे महिन्यातली गोष्ट मात्र संपली नाही. सैनिकांच्या स्मृतिदिनाला घरामागच्या अंगणात सगळं सासर जमलं होतं. क्लेटन शेगडीपाशी सॉसेज भाजत होता. त्याने सगळ्यांच्या प्लेटा भरल्या, एक बाजूला झाकून ठेवली आणि म्हणाला, “ही लेनची. मोहरीचा सॉस लावू नका, त्याला चालत नाही.”

लेन त्याचा सासरा. मार्चमध्ये त्याला पुरलं होतं. शवपेटीचा पुढचा उजवा कोपरा क्लेटनच्याच खांद्यावर होता.

सासूबाई डोलोरेस उठल्या, जावयाच्या गळ्यात पडल्या आणि ढसाढसा रडल्या. “असा जावई मिळायला पुण्य लागतं,” असं मावशा म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे पुसले आणि ती प्लेट फुलं वाहिल्यासारखी रिकाम्या खुर्चीपुढे मांडली. क्लेटनच्या बायकोने, मारिबेथने, तेवढे डोळे पुसले नाहीत. नवरा गॅरेजच्या दाराकडे बघत होता; त्या दारातून लेन नेहमी हात धुऊन यायचा.

दुसऱ्या दिवशी शेगडी घासताना तिने विचारलं, “बाबा गेलेत हे तुला ठाऊक होतं ना?”

“असं काय विचारतेस?”

“ठाऊक होतं का?”

“आता आहे,” क्लेटन म्हणाला.

मारिबेथ दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होती. तोंड उघडं ठेवून पडलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलायची तिला सवय होती. “या वर्षी ती परीक्षा खरी दे,” ती म्हणाली. “मुद्दाम काही चुकवायचं नाही. गुण चांगले आले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तुझी बॅगसुद्धा मीच भरीन.”

“आणि ऑक्टोबरात डोक्याला लागलं तर? मला बाहेर बसवतील.”

“बसवू देत. खुर्च्या असतात ना त्यांच्याकडे?”

क्लेटनने वचन दिलं. त्याला ते स्वस्त वाटलं होतं. इतकी वर्षं मोजूनमापून वेंधळेपणा करणाऱ्या माणसाला शहाणपणा करायला कितीसा वेळ लागणार?

परीक्षेच्या सकाळी तो कॉफी पिऊन, चेहरा धुऊन, शाळकरी मुलासारखा जाऊन बसला. शेजारी मोझेस होता.

“आजोबा, यंदा किती गाढव व्हायचं?”

“मी यंदा अभ्यास करून आलोय.”

मोझेस एवढ्या जोरात हसला की देखरेखीच्या बाईंनी त्याला दुसऱ्या टेबलावर बसवलं.

परीक्षा सोपी गेली. शब्द जुन्या ओळखीच्यांसारखे आले, आकृत्याही आल्या. विचारल्यावर क्लेटनने धडाधड उत्तरं दिली आणि बाहेर येऊन जेवणात मक्याची दोन कणसं घेतली. वचन पाळल्यावर भूक लागते हे त्याला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायोनेल पेटवेने त्याला बोलावलं. लायोनेल संघाचा फिजिओ. कुणाचा घोटा खेळायला पाठवायचा आणि कुणाचा बर्फात, हे तो ठरवायचा. पाय टेबलावर टाकून तो कॉम्प्युटरकडे बघत होता.

“राजा, हे जरा अति झालं,” तो म्हणाला आणि पडदा क्लेटनकडे वळवला. लाल शेरा होता.

“लाल?” क्लेटन म्हणाला.

“तुला! उस्तादांच्या उस्तादाला! अरे, एवढे थोडे शब्द तर माझ्या कुत्र्याने सांगितले असते. आणि हे काय? पडद्यावर आलेच नव्हते असे शब्द होते म्हणून ठोकून दिलेस? हे कुठून काढलंस?”

क्लेटन पडद्याकडे बघत राहिला. खोटे म्हणून खूण केलेले शब्द त्याला अजून आठवत होते. अगदी स्पष्ट. त्यांचे ठसठशीत काळे टायपसुद्धा.

“सुचलं,” तो म्हणाला.

“सुचू नये एवढं. उद्या नऊला परत बस, आणि जरा शहाण्यासारखा वेडेपणा कर. डॉक्टरांना हे दाखवत नाही मी. उगाच प्रश्न विचारत बसतील.”

कोच ब्रॅनिगन दारावरून चालले होते. लाल रंग बघून थांबले. “यंत्राची पण फिरकी घेतलीस? शाब्बास!” एवढं बोलून ते खूश होऊन मैदानाकडे गेले.

क्लेटन कपडे बदलायच्या खोलीत आला. तिथे कुणी नव्हतं. त्याने खिडकीशी बसून मारिबेथला फोन लावला.

“काय झालं?” तिने पहिल्याच घंटीला उचलला होता.

“लाल शेरा. यंत्र म्हणतंय, मी मुद्दाम चुकलो.”

ती म्हणाली, “वचन दिलं होतंस तू मला.”

क्लेटनला काही क्षण कळेना ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं, तो मुद्दामच चुकला असं तिलाही वाटत होतं, आणि त्याच्यापुढे दोन वाटा मोकळ्या दिसल्या. लबाड नवरा, किंवा आठवण गेलेला. त्याने लांबचा विचार केला नाही. जवळच्या मोकळ्या माणसाकडे चेंडू फेकला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “सवयीने झालं. मुद्दामच केलं.”

मग मारिबेथ सुटली. खोटारडा, बेशरम, शेंबड्या पोरापेक्षा वाईट. आईला सांगते थांब. बॅग आता तुझी तू भर, मोजे सापडले तर नशीब समज. तिच्या आवाजात मे महिन्यापासून नव्हतं ते बळ आलं होतं. ती आनंदाने शिव्या देत होती. क्लेटन ऐकत राहिला. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती एवढी खूश नव्हती.

मधेच ती थबकली. “मग म्हणून दाखव. दर वर्षी दाखवतोस ना फोनवर, मुद्दाम सोडलेले शब्द? फुशारकी मारत?”

“आत्ता?”

“आत्ता.”

क्लेटनने खिडकीबाहेर पाहिलं. “शिडी,” तो म्हणाला. मैदानावर सरावाची दोरीची शिडी पसरलेली होती. “बादली. झेंडा. ढग.” मग खोलीत नजर फिरवली. “टॉवेल. साबण. आरसा. घोट्याची पट्टी.” घाई नव्हती, आवाज कापत नव्हता. समोर बघून क्षणात ठरवायचं, संघ त्याला पगार देई तो नेमका याच कामासाठी.

तिला खरे शब्द माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तिची खात्री पटली असावी. त्याने पायातले बूट पाहिले आणि पुढचा शब्द म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटला नाही.

“मारिबेथ, मी समोर दिसतंय ते सांगतोय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “घोट्याची पट्टी कुठल्या परीक्षेत असते?”

क्लेटनने खिडकीकडे पाठ केली.

“मी खरी दिली होती गं. मला वाटलं, सगळं आलं.”

“लायोनेलकडे जा. फोन ठेवू नकोस.”

लायोनेलचे पाय अजून टेबलावर होते. “उद्या नऊला म्हटलं ना मी.”

“लायोनेल, काल मी मुद्दाम नाही चुकलो. आठवलं तेवढं सगळं सांगितलं.”

लायोनेल पोट धरून हसला. “हे भारी आहे! हे कोचना सांग.” क्लेटन हसत नव्हता, म्हणून लायोनेलने त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं. “कोण आहे?”

“मी आहे, लायोनेल,” फोन म्हणाला.

लायोनेलच्या चेहऱ्यावरचं हसू जा म्हणून कुणी सांगितलं नसल्यामुळे आणखी थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्याने पाय खाली घेतले, उठला आणि दार लावलं.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. “पण नीट विचार कर. एकदा सांगितलंस की मला ऐकलंच नाही असं म्हणता येणार नाही. मग डॉक्टर येणार, आणि कोच मला फाडून खाणार.”

क्लेटनने पुन्हा सांगितलं.