निळ्या पडद्याआडची झोप

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. रंगाने निळा, निदान एके काळी होतो. आता माझ्या कडा विटल्या आहेत आणि दोन कड्या तुटल्यामुळे मी एका बाजूने लोंबतो.

माझा जन्म घरातल्याच शिवणयंत्रावर झाला. घरातली बाई लोकांचे कपडे शिवून द्यायची. तिचा नवरा बेकरीत पीठ मळायच्या यंत्रावर कामाला होता. शहराला सकाळी ताजा पाव हवा, म्हणून तो मध्यरात्र उलटली की कामाला जाई आणि दिवस मावळला की झोपे. "कोंबड्याला रोज मीच उठवतो," असे तो हसत सांगायचा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येई, म्हणून बाईने जाडजूड कापड आणले, आतून काळे अस्तर लावले आणि मला खिडकीत टांगले. पहिल्याच संध्याकाळी तो गाढ झोपला. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "गुणाचा आहेस रे." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

त्यांना एक मुलगी होती. घरभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण बाप झोपला की तीही मांजरीच्या पावलांनी वावरायची.

मग एका हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर दिव्यांचा उत्सव सुरू झाला. थंडीत अंधार लवकर पडतो, माणसे घरात बसतात, दुकाने ओस पडतात; त्यावर शहराने काढलेली ही युक्ती. समोरच्या उंच भिंतीवर प्रकाशाचे मासे पोहू लागले. झाडे जांभळी झाली. खाली मुंगीला शिरायला जागा नाही एवढी गर्दी. खोटे कशाला बोलू, दृश्य सुंदर होते. भिंगरी माझ्या कडेला एक डोळा लावून तासन्‌तास बघत बसायची.

पण ते दिवे ऐन तिच्या बापाच्या झोपेच्या वेळी लागत. मी जीव तोडून उजेड अडवला. तरी दर हिवाळ्यात झोत वाढले, गाणी वाढली, आणि इकडे मी उन्हाने विरत चाललो होतो. तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राही. त्यात गर्दीमुळे पाव जास्त खपू लागला आणि बेकरीतले कामही वाढले. झोप कमी, पीठ जास्त.

शेवटी बाई उत्सवाच्या व्यवस्थापकाकडे गेली. परत येऊन ती नवऱ्याला सांगू लागली, "तो झोत जरा वळवा म्हटलं. बोलला चांगला बिचारा. म्हणाला, 'ताई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. सगळं शहर खूश आहे. जरा सोसा.'"

"मग सोसू," नवरा म्हणाला. "लोकांच्या आनंदात आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा?"

त्याच आठवड्यात ते घडले. यंत्रासमोर उभ्याउभ्या त्याचा डोळा लागला आणि हात आत गेला.

तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. यंत्रावर दुसरा माणूस आला. बाईच्या शिवणावर घर चालू लागले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दिवे लागले. भिंगरी उठली आणि मला घट्ट ओढून घेऊ लागली.

"राहू दे," तो म्हणाला. "आता मला कुठे लवकर उठायचंय? बघ तू."

"नको बाबा. मला नाही आवडत ते."

ती खोटे बोलत होती. त्या माशांवर तिचा किती जीव होता, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक? त्याने डाव्या हाताने मला बाजूला सारले आणि तिला जवळ घेतले. खाली लोक टाळ्या वाजवत होते. खिडकीत ती दोघे मासे बघत उभी होती. मागे बाईचे शिवणयंत्र थांबले होते.

आता मला कुणी ओढत नाही. तो अजूनही जुन्या सवयीने कामाच्या वेळेला जागा होतो आणि उजाडेपर्यंत पलंगाच्या कडेवर बसून राहतो.

मित्रांनो, दिव्यांची मजा जरूर लुटा. फक्त एकदा मान वर करून खिडक्यांकडे बघा. जिथे पडदा ओढलेला दिसेल, तिथे आवाज हळू करा, झोत खाली घ्या. आत कुणीतरी तुमच्या सकाळसाठी झोपायची धडपड करत असेल. मी एकटा किती उजेड अडवणार?