गेल्या वर्षीचं पाणी

मे महिना लागला की आमच्या झगवान गावाला पाहुण्यांचा पूर येतो. रविवारी सकाळी ट्युनिसहून बसगाड्या भरभरून येतात, चढावर धापा टाकत थांबतात, आणि त्यांतून पोरंबाळं, रिकामे कॅन, घडीच्या खुर्च्या आणि एखादी रुसलेली सासू अशी सगळी वरात खाली उतरते. आधी रोमनांनी बांधलेलं पाण्याचं मंदिर बघायचं, झऱ्याला ओंजळ लावायची, कॅन भरून घ्यायचे. मग गावात येऊन बदामाचं सारण भरलेली कआकची कडी, म्हणजे गोल गोड बिस्किटं, खायची, कुणाच्या तरी अंगणात नेसरीचा अर्क निघताना बघायचा आणि एक बाटली घेऊन घरी जायचं. नेसरी म्हणजे आमच्याकडचा पांढरा रानगुलाब. तो फुलतो जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात गावातला जो तो स्वतःला मोठा जाणकार समजतो, आणि उरलेलं वर्ष त्याच आठवड्यांच्या बढाया मारण्यात घालवतो.

खमैस त्या मंदिराचा वाटाड्या होता. मिशा पिकल्या तरी त्याची जीभ तरुण होती, आणि त्याच्या थट्टेसाठी म्हणून माणसं दुसऱ्यांदा मंदिर बघायला यायची. भिंतीतले रिकामे कोनाडे बघून कुणीतरी हमखास विचारायचं, "यातल्या मूर्ती कुठं गेल्या हो?" की खमैस डोळा मारून म्हणायचा, "ट्युनिसला नोकऱ्या लागल्या त्यांना. गावात थांबायला कोण तयार आहे?"

या वर्षी तो नुसतं म्हणत होता, "गेल्या."

त्याची बायको दलीला जानेवारीत वारली. छातीचं दुखणं होतं, आठवडाभर दवाखान्यात होती, आणि एका पहाटे संपलं. खमैस रडला नाही. दफनाच्या वेळी रडला नाही, चाळिसाव्याला रडला नाही. गावाला याचं फार वाईट वाटलं, म्हणजे गावाने त्याच्याबद्दल भरपूर बोलून घेतलं. कुणी म्हणालं, दगड आहे. कुणी म्हणालं, सुटला बिचारा. खरी गोष्ट अशी होती की त्याला काही होतच नव्हतं. तोंडात घास जायचा आणि तो मिरचीचा आहे की खजुराचा हे कळायचं नाही. फुलांच्या टोपल्या घेऊन बायका शेजारून जायच्या आणि त्याला फक्त टोपल्या दिसायच्या. चव गेली होती, वास गेला होता, आणि गेल्याचं दुःखही गेलं होतं. पाय बधिर झाला की त्यावर चिमटा काढून बघावा, तसं तो अधूनमधून दलीलाचं नाव घेऊन बघायचा. काही नाही.

फक्त एक गोष्ट त्याला करायची होती, कारण तेवढी एकच त्याच्याकडे मागितली गेली होती.

दलीलाच्या माहेरची रीत अशी की नव्या मोसमाचा पहिला हंडा चढवताना त्यात गेल्या वर्षीच्या अर्काचा एक पेला ओतायचा. त्या गेल्या वर्षीच्यात त्याच्या आदल्या वर्षीचा असतो, त्यात त्याच्याही आदल्याचा. दलीलाच्या पणजीच्या हातचं पाणी असं थेंबाथेंबाने तिच्यापर्यंत आलं होतं. याला त्या घरात "पाणी तुटू न देणं" म्हणायचे. दवाखान्यात नाकावर नळी असताना दलीलाने खमैसचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "मे महिन्यात पाणी तोडू नकोस." तो हो म्हणाला होता.

कपाटात काचेच्या दोन सुरया असायच्या, गवताच्या विणीत बसवलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत नेसरीचा अर्क आणि दुसरीत नाबेलहून आणलेलं नारिंगीच्या फुलांचं पाणी. नारिंगीची सुरई दफनाआधी दलीलाला शेवटचं न्हाऊ घालताना संपली. आता कपाटात एकच होती. सुरयांवर चिठ्ठी वगैरे डकवायची पद्धत आमच्या गावात नाही. चिठ्ठ्या दुकानदार लावतात, पाहुण्यांना विकायला. घरच्या सुरईला चिठ्ठी लावली तर शेजारणी विचारतील, नाकं काय गहाण टाकली का?

मोसमाच्या पहिल्या शुक्रवारी रादिया आली. दलीलाची थोरली बहीण, विधवा, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. ती आणि खमैस त्याच गल्लीत धुळीत खेळून मोठे झालेले, त्यामुळे दोघांत लग्नाच्या नात्याचा मानबिन कधी शिरलाच नाही.

"हंडा दे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आणि ती सुरई पण दे. या वर्षी मी काढते."

"मी काढणार आहे."

"तू? अरे, परवा तुला आंबलेलं दूध दिलं तर तू ते गटागट प्यायलास! मी बघत होते. तुला नाक नाही, जीभ नाही, आणि म्हणे अर्क काढणार."

"ताई, मला सांगून गेली आहे ती."

"मला काय ती परकी होती? माझ्या आईचं पाणी आहे ते. तुझं नाही."

"सुरई देणार नाही."

रादिया लालबुंद झाली. एरवी ती भांडायला लागली की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. त्या दिवशी मात्र तिचा आवाज मध्येच बसला. "हट्टी गाढवा," एवढंच म्हणून ती गेली. शनिवारी परत आली, स्वतःच्या हातची कडी घेऊन, आणि गोड बोलून बघितलं. खमैसने कडी खाल्ली, कागद चावावा तशी, आणि नाही म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की तो मंदिरावर असताना कुणीतरी कपाटाच्या कुलपाशी खटपट केली आहे. रादियाशिवाय घरात कुणी येत नव्हतं. एरवी तो संतापला असता. आता त्याने किल्ली खिशात टाकली आणि मनात म्हटलं, एवढी हाव! बस, तेवढंच.

रविवारी उजाडता उजाडता त्याने डोंगरावरून आलेल्या बायकांकडून फुलं घेतली. दव ओसरायच्या आत हंडा चढला पाहिजे, ऊन लागलं की फुलाचा जीव जातो, एवढं त्याला ठाऊक होतं. दलीला दरवर्षी त्याच्यावर हेच ओरडायची. अंगणात चूल पेटवली, हंड्यात झऱ्याचं पाणी ओतलं, फुलं सोडली. हंड्यावर बसवायचा चोचीचा टोप, त्यावर गार पाण्यासाठी खोलगट ताट, चोचीखाली रिकामी बाटली, फटी बुजवायला ओल्या कापडाच्या पट्ट्या, सगळं हाताशी मांडलं. हात आपोआप चालत होते. मग तो कपाटातली सुरई घेऊन आला.

दार ढकलून रादिया आत आली. डोक्यावरचा रुमाल वाकडा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"थांब, मी ओतते."

"मीच ओतणार."

"खमैस, माझं ऐक, एकदा ऐक."

त्याने बूच काढलं. सवयीने सुरई नाकाशी नेली. काही नाही. पेला भरला आणि हंड्यावर धरला, तेवढ्यात रादियाने त्याच्या मनगटावर असा फटका मारला की पेला उडून भिंतीवर फुटला.

"नारिंगी आहे ते!" ती ओरडली. "नारिंगी आहे, मेल्या! सगळं अंगण घमघमतंय आणि तुला कळत नाही!"

खमैस भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

"नारिंगीचं संपलं," तो म्हणाला. "तेव्हाच."

"ते नाही संपलं." रादिया चुलीजवळच्या पाटावर बसली. "त्या दिवशी आम्ही आत तिला न्हाऊ घालत होतो. मी दाराच्या फटीतून हात बाहेर काढला, म्हटलं, नारिंगीचं पाणी दे. तू सुरई दिलीस. मी बूच काढलं आणि नेसरीचा वास आला. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या."

"मग परत का नाही दिलीस?"

"कशी देणार? दार उघडून तुला सांगणार, जा, चुकलास, दुसरी आण? तुझा चेहरा पाहिला होता मी. आणि..." तिने रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "आणि बूच परत लावायला माझा हात होईना. म्हटलं, पाणी तिचं आहे. ओतलं."

"किती?"

"सगळं."

खमैसला तो दिवस आठवला. दाराच्या फटीतून आलेला बाईमाणसाचा ओला हात. कपाटापुढे उभं राहून त्याने पहिल्या सुरईचं बूच काढून वास घेतला होता. काहीच आला नव्हता. दुसरीचा घेतला, तोही नाही. मग हाताला लागली ती दिली होती. म्हणजे नाक त्याच सकाळी गेलं होतं, आणि त्याला त्याचंही काही वाटलं नव्हतं.

"म्हणून तू सुरई मागत होतीस," तो म्हणाला.

"मी तिच्यात नवा अर्क भरून तुला आणून दिली असती. म्हटलं असतं, हे घे, पाणी तुटलं नाही. तुला कुठं वास येतोय! खोटं तर खोटं." ती रागाने त्याच्याकडे बघत होती, डोळे भरून. "सगळ्या गावात विचारून आले. तिने वाटलेल्या बाटल्या कुणाकडे उरल्या आहेत का. सगळ्यांनी ईदेच्या कडीत घालून खाल्ल्या. खादाड मेले!"

तुटलं होतं म्हणजे. जानेवारीतच तुटलं होतं, आणि त्याच्याच हाताने. खमैस वाट बघत राहिला की आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, निदान राग तरी. चुलीतलं लाकूड तडकलं. रस्त्यावर पहिल्या बसचा भोंगा वाजला.

"केसांवर ओतलंस?" त्याने विचारलं.

"केसांवर. हातांवर. शेवटी पावलांवर."

"बरं केलंस."

त्याने टोप बसवला, ओल्या पट्ट्या फटींवर नीट दाबल्या, वरच्या ताटात गार पाणी ओतलं. रादियाने उठून जाळ कमी केला, कारण त्याने नेहमीप्रमाणे तो जास्त ठेवला होता. दोघं समोरासमोर बसले. दारातून ट्युनिसच्या एका बाईने डोकं आत घातलं आणि विचारलं, "इथं अर्क बघायला मिळतो का हो?" रादिया म्हणाली, "पुढच्या घरी जा बाई, तिथं कडीपण मिळेल." बाई गेली.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा चोचीतून पहिला थेंब पडला. मग दुसरा. बाटली बोटभर भरली तशी रादियाने ती उचलली, वास घेतला, आणि त्याच्या नाकाखाली धरली.

त्याने श्वास घेतला. पुन्हा एकदा, लांब.

"नाही?"

"नाही. कसा आहे?"

"कच्चा आहे. पण नेसरी आहे."

अर्क पुरा निघाला तेव्हा खमैसने नारिंगीची सुरई झाडांच्या मुळाशी रिकामी केली, झऱ्याच्या पाण्याने खळबळून उन्हात पालथी घातली, आणि वाळल्यावर तिच्यात नवा अर्क भरला. बूच दाबून बसवलं. रादियाला वाटलं, तो ती कपाटात ठेवणार. त्याने ती तिच्या मांडीवर ठेवली.

"यातला एक पेला पुढच्या मे महिन्यात हंड्यात घाल. बाकीचं ठेव."

"कशाला?"

"माझ्यासाठी. मला पुरुष न्हाऊ घालतील, तू दाराबाहेर असशील. आतून हात आला की हीच दे." तो उठला, मंदिरावर जायची वेळ झाली होती. "आणि ताई, देताना वास घेऊन दे."