निरोगी गटातला माणूस

“बाबा, नीट आवळा ना! सगळी ताकद लावा.”

“लावतोय गं.”

शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसून वडील मुठीची ताकद मोजायचं यंत्र आवळत होते. जाड कापडाच्या चार घड्या एका दमात कापणारा हा शिंपी, पण काटा काही हलायला तयार नव्हता.

लेकीचा जीव खालीवर होत होता. ती डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. यंदा प्रत्येकाला एका प्राध्यापकाच्या हाताखाली छोटं संशोधन करायचं होतं. तिच्या वाट्याला मधुमेही रुग्णांच्या मुठीची ताकद आली होती. तुलनेसाठी त्याच वयाची निरोगी माणसं हवी होती, त्यात एक माणूस कमी पडत होता आणि उद्या आकडे दाखवायचे होते. घरचाच माणूस असताना बाहेर कुठे शोधायचं? तिने वडिलांना पुन्हा आवळायला लावलं, मग आणखी एकदा. ओरडली, चिडवलं, “आईसमोर तरी लाज राखा,” म्हणाली. शेवटी बरा आकडा आला आणि तिने हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्राध्यापक मॅडम आकडे बघत बसल्या. मॅडम कधी ओरडत नसत, नुसत्या गप्प होत. त्यापेक्षा ओरडा परवडला, असं मुलं म्हणत. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“यांचा डावा हात उजव्यापेक्षा चांगला. डावखुरे आहेत?”

“नाही, मॅडम.”

“तीनदाच मोजायचं, मधे बोलायचं नाही, असं ठरलं होतं. यांना किती वेळा आवळायला लावलंस?”

“नीट आकडा येईपर्यंत.”

“आणि हे निरोगी आहेत हे कुणी ठरवलं?”

“मीच. माझे बाबा आहेत ते.”

मॅडम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “यांना गटातून काढ. आणि उद्या सकाळी माझ्याकडे तपासायला घेऊन ये.”

बसमध्ये जागा मिळूनही तिला बसवेना. हल्ली कापड आई कापते, हे तिला आत्ता आठवलं. आईला हौस आली असेल, असं समजून तिने थट्टाही केली होती. जगाच्या मुठी मोजत हिंडली आणि घरात दिव्याखाली अंधार! तिला स्वतःची भयंकर चीड आली.

ती घरात शिरली तेव्हा वडील उजव्या हातात चिंध्यांचा गोळा घेऊन दाबत बसले होते.

“आलीस? तुझ्या मॅडमना सांग, मी परत आवळून दाखवतो. काल जरा कमी पडलो. सकाळपासून सराव चाललाय.”

“बाबा, हाताला हे कधीपासून होतंय?”

“तुझं ते संशोधन पार पडू दे आधी. उगाच माझ्यामुळे बिघडायला नको.”

तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने गोळा बाजूला ठेवला आणि आपला हात त्यांच्या हातात दिला.

“दाबा बघू.”

ते कधी दाबायला लागतात याची वाट बघत ती थांबली. मग तिचं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. ते घामाने भिजलं होतं.