शिट्टी मारणारा सोफा

सोफेवाल्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडात खिळे असणार, हे धरूनच चालावं लागे. कामाला बसला की तो बारीक खिळ्यांची चिमूट गालात टाकी. मग एकेक खिळा जिभेने ओठांवर आणी, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवी आणि लाकडात ठोकी. बोलायचं ते याच खिळ्यांच्या मागून. गिऱ्हाइकांना त्यातलं निम्मं कळे, बायकोला पाऊण, आणि सगळंच्या सगळं कळणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे त्याचा मित्र कंपाउंडर. तोही कानात मशीन असलं तरच.

कंपाउंडरने दवाखान्यात पुड्या बांधण्यात सगळा जन्म घालवला होता. नोकरी संपली, मग बायको गेली, एकुलती मुलगी लग्न होऊन रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी सोफेवाल्याच्या दुकानात येई, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांमधली त्यातल्या त्यात बरी खुर्ची बघून बसे आणि मतं मांडायला लागे. मतांचा त्याच्याकडे तुटवडा नव्हता. ज्याच्या सोफ्याची एकच बाजू दबलेली असते त्याला पित्त होतं. मोजे घालून झोपणाऱ्यावर हिशेबात विश्वास ठेवू नये. सोफेवाला खिळ्यांमागून त्याला वेड्यात काढी, कंपाउंडर त्याला अडाणी ठरवी, आणि दोघांचा दिवस मजेत जाई. सोफेवाल्याला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता की हा माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे. पण कंपाउंडरला यायला जरा उशीर झाला की त्याची नजर दाराकडे लागे आणि हातोडी बोटावर पडे.

कानातलं मशीन मुलीने आणून दिलेलं. कंपाउंडरची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती. हातोडीचा ठोका पडला की ते कानात असा आवाज करी, की तो खुर्चीतून उडायचाच. म्हणून ठोकाठोक सुरू झाली की तो मशीन काढी, हाताशी येईल तिथे ठेवी आणि चहा आला की परत घाली. काढल्यावर बंद करावं, हे मुलीने शंभरदा सांगितलं होतं. पण बंद केलं तर चालू कसं करायचं ते आठवत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यामुळे उशीखाली किंवा खिशात दाबलं गेलं की ते मशीन बारीक शिट्टी घाली.

तर असं ते मशीन एका सोमवारी हरवलं.

सोमवारी हरवणं फारच वाईट होतं, कारण रविवारी मुलगी येणार होती. त्या वर्षात कंपाउंडरने दुधाचं एक पातेलं जाळून काळं केलं होतं आणि दोनदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं होतं. शेजाऱ्यांकडून हे सगळं मुलीच्या कानावर गेलं. तिने फोनवर सरळ सांगितलं की रविवारी येऊन बघते, सगळं जागच्या जागी दिसलं तर ठीक, नाहीतर बाबांची बॅग भरून सोबत घेऊन जाते. मुलगी बापाच्या वळणाची होती. म्हणजे मत बनवलं की बनवलं.

मंगळवार आणि बुधवार शोधण्यात गेले. दुकानातली प्रत्येक खुर्ची उलटी झाली, काथ्याचे ढीग उपसले, कंपाउंडरच्या घरातले डबेसुद्धा पालथे घातले. शोधतानाही खिळ्यांमागून सोफेवाल्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. स्वतःचे कान सांभाळता येत नाहीत, असल्या धांदरट माणसाला मुलीने नेलं तर त्यात तिचं काय चुकलं, वगैरे. खरं म्हणजे तो घाबरला होता. दुकानात ती रिकामी खुर्ची आणि आपण एकटेच खिळे ठोकतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि घाबरला की त्याला चिडण्यावाचून दुसरं काही सुचत नसे.

मुलीचे फोन यायचे ते दुकानामागच्याच घरात असणारी सोफेवाल्याची बायको घेई आणि दर वेळी सांगे, की तुझे बाबा आत्ताच आंघोळीला गेलेत. गुरुवारी मात्र ती वैतागली. आता मशीन मिळत नाही हे धरून चाला, म्हणाली, आणि भाऊजींना त्याच्याशिवाय रविवार कसा काढता येईल ते बघा. तिने मुलगी होऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. जेवण वेळेवर होतं का, पायाची सूज उतरली का. कंपाउंडर तिच्या ओठांकडे बघून फटाफट उत्तरं देत गेला. दवाखान्यात कण्हणाऱ्या, पुटपुटणाऱ्या लोकांमध्ये आयुष्य गेलेलं, ओठ वाचणं त्याच्या हातचा मळ होता. मग सोफेवाल्याने विचारून पाहिलं. कंपाउंडर त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, याचं तोंड म्हणजे बंद दुकान आहे."

"आधी ते खिळे बाहेर काढा," बायको नवऱ्याला म्हणाली.

सोफेवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा दुकानात बसून खिळे वाटीत ओतले. त्याला अंगावर सदरा नसल्यासारखं वाटायला लागलं. वाटीतून बोटांनी खिळा उचलायचा आणि चिमटीत धरून ठोकायचा, म्हणजे शिकाऊ माणसाचं काम. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन बोटांना पट्ट्या लागल्या. त्या कंपाउंडरनेच बांधल्या, आणि बांधता बांधता सोफेवाल्याच्या नखांवरून त्याच्या यकृताबद्दल एक मत दिलं. सोफेवाल्याने तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून त्याला वेड्यात काढलं. कंपाउंडरचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांनी त्याला नीट शिवी मिळाली होती.

शुक्रवारी पार्लरवाल्या बाईंचा फोन आला. त्यांचा तीन जणांचा सोफा सोफेवाल्याने नव्याने भरून, वर जांभळं रेक्झिन चढवून सोमवारीच पोचवला होता. रंग पोटदुखीच्या औषधाचा आहे, असं कंपाउंडरने तेव्हाच बजावलं होतं. पण बाईंची तक्रार रंगाची नव्हती. तुमचा सोफा शिट्टी मारतो, म्हणाल्या. सोफेवाल्याने समजावलं की स्प्रिंग कुरकुरते, शिट्टी मारत नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता या, म्हणून त्यांनी फोन आपटला.

दोघे गेले तेव्हा बाईंचा नवरा पार्लरच्या पायरीवर पडेल चेहऱ्याने बसला होता. बिचारा आत पडद्यामागे गल्ला सांभाळायचा. सोमवारपासून कुठलीही बाई सोफ्यावर टेकली की शिट्टी वाजायची, आणि सगळ्यांची नजर पडद्याकडे जायची. आदल्या दिवशी एका बाईने तर ओल्या केसांनी उठून त्याची खरडपट्टी काढली होती. तेव्हापासून त्याने आत जायचं सोडलं होतं. "मी तोंडसुद्धा उघडलं नाही हो," तो सोफेवाल्याला म्हणाला.

सोफेवाला आत जाऊन सोफ्याच्या कडेला, हात टेकायच्या गुबगुबीत दांड्याला रेलून बसला. बारीक, लांब शिट्टी आली. तो उठला, शिट्टी थांबली. परत बसला, परत आली. ही शिट्टी त्याच्या चांगलीच ओळखीची होती. त्याच्याच घरी, दुपारी लोडाला टेकून झोपलेल्या कंपाउंडरच्या कानातून त्याने ती कितीदा ऐकली होती.

सोफेवाल्याला आता सगळं आठवलं. सोमवारी याच दांड्यात काथ्या भरताना त्याने शेजारचा ढीग न बघता ओंजळीने उचलून आत कोंबला होता. मशीन त्यावर ठेवलेलं असणार. म्हणजे हरवणारा कंपाउंडर नव्हताच. तीन दिवस ज्याला धांदरट म्हणून फाडून खाल्लं त्याचे कान त्याने स्वतः शिवून टाकले होते, वर त्याची मजुरीही घेतली होती.

कंपाउंडर मात्र शेजारच्या बाईंना केसगळतीवर उपाय सांगत बसला होता. त्याला शिट्टी ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

सोफेवाला गुडघ्यांवर बसला, दांड्याखालचे खिळे उपटले आणि हात आत घातला. बोटांना पट्ट्या, त्यामुळे नीट काही लागेना. शेवटी त्याने पक्कड घातली, काहीतरी टणक पकडलं आणि ओढलं. शिट्टी एकदा उंच चढली आणि कट्‌दिशी बंद झाली. मशीन बाहेर आलं ते दोन तुकड्यांत.

सोफेवाल्याने ते तुकडे तळहातावर घेतले. मग कंपाउंडरकडे वळून, ओठ नीट हलवत म्हणाला, "मीच घातलं होतं आत. आणि आता मीच मोडलं. आणि तीन दिवस तुला नाही नाही ते बोललो."

कंपाउंडरने तुकडे हातात घेऊन नाडी बघावी तसे बघितले. "बोललास खरा," तो म्हणाला. "पण खिळे तोंडात ठेवून बोललास. मला कुठे काय कळलं?"

एव्हाना दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईंच्या नवऱ्याने सोफ्यावर बसून पाहिलं. काही वाजलं नाही. तो बायकोकडे अशा काही नजरेने बघायला लागला, की दोघा मित्रांनी दांडा शिवून तिथून काढता पाय घेतला.

दुरुस्तीवाल्याने मशीन बघून मान हलवली. नवा भाग मागवावा लागेल, म्हणाला, पंधरा दिवस तरी धरा. त्याने चिकटपट्टी लावून दिली, आणि मुकं मशीन कानात घालून कंपाउंडर रविवारला सामोरा गेला.

मुलगी सकाळी आली. घर लख्ख होतं, दूध फ्रिजमध्ये होतं, किल्ली दोरीने बापाच्या पट्ट्याला बांधलेली होती आणि कानात मशीन होतं. बाबा विचारलेल्याचं उत्तर देत होते. तिला नाव ठेवायला जागा उरली नाही. दुपारी बापाला घेऊन ती दुकानात आली. तिचं लहानपण याच दुकानात चिंध्यांच्या बाहुल्या करण्यात गेलेलं होतं.

"ये... ग... बाळा," सोफेवाला जबडा ताणून म्हणाला. "चहा... घेणार... ना?"

मुलीने त्याच्या ताणलेल्या जबड्याकडे बघितलं. मग तिने खिळ्यांनी भरलेली वाटी बघितली, पट्ट्या बांधलेली बोटं बघितली. "काका, तोंडातले खिळे कुठे गेले?"

डॉक्टरांनी मनाई केली, असं सोफेवाला म्हणाला. कोणत्या डॉक्टरांनी, असं विचारल्यावर तो वाटीतले खिळे मोजायला लागला. कंपाउंडर खुर्चीत बसून समोरच्या रेक्झिनकडे बघत होता आणि हिरवा रंग रक्तदाबाला कसा चांगला, ते सांगत होता. मुलगी त्याच्या मागे गेली. तिने हातोडी उचलली आणि त्याच्या खुर्चीमागच्या लाकडावर जोरात हाणली.

मशीन कानात असताना एका ठोक्याला उडणारा माणूस हललासुद्धा नाही. तो हिरव्यावरून पिवळ्या रंगावर गेला होता.

सोफेवाल्याचं सगळं अवसान गळालं. त्याने भडाभडा सांगून टाकलं, काथ्या, दांडा, शिट्टी, पक्कड, सगळं. "त्याची काही चूक नाही. आंधळेपणा माझा, मोडतोड माझी. त्याला नेऊ नकोस ग," तो म्हणाला. "तो नसला तर मला दुकान उघडावंसं वाटणार नाही." हे त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. कंपाउंडरला त्याचे ओठ दिसले नाहीत.

मुलीने हातोडी खाली ठेवली. "आठवडाभर बाबा आंघोळच करताहेत, तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी शिजतंय," ती म्हणाली. "रिकामी बॅग घेऊनच आले होते." तिने वाटीतले खिळे बोटांनी चाळवले. "मला वाटत होतं, बाबा इथे एकटेच असतात. असू दे, काका. त्यांना इथेच राहू दे." आणि डोळे पुसायला म्हणून ती काकूंना हाक मारत आत गेली.

कंपाउंडरला एवढं कळलं होतं की काहीतरी ठरलं. त्याचा चेहरा उतरला होता. "काय म्हणाली रे?" त्याने विचारलं.

सोफेवाला त्याच्यासमोर येऊन बसला. "तू इथेच राहणार आहेस," तो तोंड मोठं उघडून म्हणाला.

"मग एवढं तोंड कशाला वासतोस? कळलं." कंपाउंडर खुर्चीत रेलला. त्याने डोळे टिपले आणि दुकानात धूळ फार झाली असल्याचं मत दिलं. मग विचारलं, "आणि तू काय सांगत होतास तिला एवढं, खाली मान घालून?"

सोफेवाल्याने वाटी जवळ ओढली, चिमूटभर खिळे गालात टाकले, आणि मघाचंच सगळं पुन्हा एकदा, अगदी शब्दन् शब्द, त्याला सांगून टाकलं.